मदत हवी आहे: मुलाला सैनिक स्कूलला टाकायचंय, फॉर्ममध्ये सातवीच दिसत नाही (अर्जंट)

त्रस्त_बाप
नमस्कार मंडळी. मुलाला सैनिक स्कूलला टाकायचं पक्कं केलंय. फॉर्म सुटलेत असं ऑफिसातला एकजण म्हणाला आणि शेवटची तारीख तोंडावर आलीय म्हणे. सायबर कॅफेवाला म्हणतो सातवीचा ऑप्शनच येत नाही, खाली फक्त सहावी आणि नववी दिसतं. साइट गंडलीय का? की सातवीचा फॉर्म दुसरीकडून भरायचा असतो? ज्यांना माहितीय त्यांनीच सांगा प्लीज, "मुलाला विचारलंत का" वगैरे लेक्चर नको, ते घरी रोज ऐकतोय.

सह्यभटका
कुठली शाळा ते लिहाल का आधी? केंद्राच्या अखत्यारीतली सातारा किंवा चंद्रपूर, की जिल्ह्याजिल्ह्यात राज्य बोर्डाच्या सैनिकी शाळा आहेत त्यातली एखादी, की नाशिकची भोसला? सगळ्यांची भरती वेगळी असते. आणि मुलगा आत्ता कितवीत, जन्मतारीख काय?

त्रस्त_बाप
सातारा हो. जी खरी आहे ती. आणि सातवी म्हणतोय म्हणजे आत्ता सहावीतच असणार ना.

नाशिककर_पक्का
"जी खरी आहे ती" म्हणजे काय? भोसला १९३७ पासून चालू आहे, डॉ. मुंज्यांनी काढलेली. तेव्हा सैनिक स्कूल ही कल्पनासुद्धा नव्हती कोणाच्या डोक्यात. उगाच काहीही.

बिगुल
साताऱ्याचा जुना कॅडेट आहे म्हणून लिहितो. साइट गंडलेली नाही. प्रवेश परीक्षा सहावी आणि नववी या दोनच वर्गांसाठी होते, मधल्या वर्गांची परीक्षाच नसते. सहावीसाठी येत्या ३१ मार्चला वय १० ते १२ मध्ये हवं, नववीसाठी १३ ते १५. त्यामुळे जन्मतारीख विचारतोय सगळे, टाळू नका.

त्रस्त_बाप
ऑगस्ट २०१४. मग आता काय, दोन वर्षं थांबायचं? तोपर्यंत हा मुलगा मोबाइलमध्ये पूर्ण बुडालेला असेल. शाळेतून आला की दप्तर दारात आणि हा कोपऱ्यात, जेवायला बोलावलं तरी मान वर होत नाही. शिस्त लागावी एवढीच इच्छा आहे.

बिगुल
ऑगस्ट २०१४ म्हणजे ३१ मार्च २०२६ ला साडेअकरा-पावणेबारा. म्हणजे सहावीच्या वयात तो अजून बसतोय. फॉर्म सहावीचा भरता येईल, फक्त लागला तर तिथे सहावी परत करावी लागेल. शिस्तीबद्दल नंतर बोलतो, आत्ता ड्यूटीवर आहे.

सुभेदार_काका
एक वर्ष परत केलं तर काय आभाळ कोसळत नाही. भरून टाका बिनधास्त. देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्याचं, १९६१ चं, तिथलं पाणी लागलं की पोरगं घडतंच. आमच्या युनिटला तिथले दोन ऑफिसर होते, चालण्यावरून ओळखू यायचे. बाकी आजकालची मुलं आणि आजकालचे पालक, दोघांनाही त्रास नको असतो. आमच्या वेळी भरतीला सोळाशे मीटर अनवाणी पळायचो.

चिमणी
काका तुमचा मान राखून सांगते, वर्ष वाया जाण्याचा हिशोब एवढा सोपा नाही. सैनिक स्कूलला टाकायचं ते एनडीएसाठी ना, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रबोधिनीसाठी? एनडीएला वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीत असतानाही देता येते. हा मुलगा सहावी परत न करता गेला तर बारावी २०३२ ला संपेल, मग जुलै ३२, जानेवारी ३३, जुलै ३३, जानेवारी ३४ असे चार कोर्स त्याच्या वयात बसतात. सहावी परत केली तर बारावी २०३३ ला, मग शेवटचे दोनच उरतात. माझ्या भाच्याला लेखी तीनदा निघून तिन्ही वेळा एसएसबीच्या मुलाखतीतून परत पाठवलं आणि चौथ्यांदा झालं. तेव्हा दोन चान्स गमावणं ही छोटी गोष्ट नाही.

सुभेदार_काका
ताई, आधी शाळेत तर जाऊ द्या, तुम्ही डायरेक्ट खडकवासल्याला पोचलात.

गणितवाले_सर
या परीक्षेची तयारी आम्ही गेली अनेक वर्षं घेतो. सहावीचा पेपर ३०० मार्कांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे, पन्नास प्रश्न प्रत्येकी तीन मार्क. बाकी भाषा, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान पन्नास-पन्नास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही गोळा कोरा सोडायचा नाही. रिझर्वेशन नसेल तर प्रत्येक विषयात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के किमान लागतात पण त्यावर ॲडमिशन मिळत नाही, मेरिट बरंच वर जातं. निवासी क्रॅश कोर्स चालू आहे, इच्छुकांनी मेसेज करा.

सह्यभटका
झाली जाहिरात.

गणितवाले_सर
माहिती दिली तरी जाहिरात, नाही दिली तरी माज. असो.

बिगुल
सर जे आकडे देतायत ते बरोबर आहेत पण सहावीत शिकणाऱ्याला पाचवीच्या पातळीचं गणित जड जाणार नाही. खरा प्रश्न वेगळाय. दादा, मुलगा मराठी माध्यमात आहे का? सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. नववीची फक्त इंग्रजीत, आणि तिथेही ४०० पैकी २०० गणित. आमच्या बॅचला नववीत आलेल्या पोरांना गणित येत होतं, प्रश्न वाचून कळायला वेळ लागायचा. आणि चष्मा आहे का?

त्रस्त_बाप
मराठी माध्यम. चष्मा आहे, छोटा नंबर. त्याचा काय संबंध? आणि माझे वडील फौजेत होते, नाईक म्हणून रिटायर झाले, त्यांच्या कोट्यातून होईल ना? तसं असेल तर मेरिटची भानगडच नको.

चिमणी
आजोबांचा कोटा नसतो. सर्व्हिसमध्ये असलेल्या किंवा माजी सैनिकांच्या स्वतःच्या मुलांना असतो, तोही एससी, एसटी, ओबीसीच्या जागा वजा जाता उरलेल्यांतल्या २५ टक्क्यांचा. तुम्ही स्वतः नव्हतात ना?

त्रस्त_बाप
नाही, मी सहकारी बँकेत.

बिगुल
चष्म्याचा संबंध असा की लेखीनंतर मेडिकल असते, मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून, आणि अंतिम यादीत यायला त्यात फिट असावं लागतं. डोळे, रंगांधळेपणा, कान, सपाट तळपाय, गुडघे एकमेकांना लागतात का, सगळं बघतात. पोरगं फरशीवर ओल्या पायांनी उभं करा, तळव्याचा मधला भाग उठत नाही ना ते घरीच कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरना आत्ताच दाखवून घ्या, एनडीएला एअर फोर्सच्या फ्लाइंगसाठी तर नजरेचे नियम अजून कडक आहेत.

आता शिस्त. सैनिक स्कूल म्हणजे बिघडलेल्या पोरांची दुरुस्ती करायचं गॅरेज नाही. सकाळी अंधारात फॉल-इन, पीटी, मग वर्ग, दुपारी खेळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास. मोबाइल नाहीच. पहिल्या टर्मला ट्रंक उघडून आतल्या कपड्यांचा वास घेत बसणारी मुलं मी बघितलीत, त्यातला एक आज कर्नल आहे. पण जो स्वतः यायला तयार होता तो आठ-पंधरा दिवसांत रुळायचा, आणि ज्याला मोबाइलची शिक्षा म्हणून धाडलं होतं तो दर रविवारी पत्रात "मला घेऊन जा" एवढंच लिहायचा. बेल्टचं पितळी बक्कल चमकवायला शिकणं सोपं असतं हो, बापाने आपल्याला का पाठवलं हे कळल्याशिवाय तिथे राहणं अवघड. तुम्ही लेक्चर नको म्हणालात, तरी हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माऊची_आई
मुलींनाही आता सगळ्या सैनिक स्कूलमध्ये २०२१-२२ पासून प्रवेश आहे बरं का. आणि एनडीएतून मुलींची पहिली बॅच मे २०२५ ला पास आउट झाली, सतरा जणी. अभिमान वाटतो!

त्रस्त_बाप
मला एकच मुलगा आहे.

माऊची_आई
हो, ते कळलं. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

दक्षिण_वारा
माझा सल्ला: हे सगळं सोडा. दहावीपर्यंत मुलगा आईबापाजवळ राहू दे. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयला पाठवा, राज्य सरकारची संस्था आहे, १९७७ पासून फक्त एनडीएची तयारी करून घेतात, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. अकरावी-बारावी तिथे. खर्चही बराचसा शासनाचा. सैनिक स्कूलची फी वर्षाला लाखाच्या वर जाते, शिवाय गणवेश, किट, सुट्टीत ने-आण. स्कॉलरशिप आहे राज्याची पण उत्पन्नावर ठरते, बँकेतल्या पगाराला किती बसेल बघा. आणि साधी शाळा-कॉलेज करून एनडीएला गेलेली कितीतरी मुलं आहेत.

सुभेदार_काका
एसपीआय चांगलीच आहे पण तिथे पोचेपर्यंत पोरगं पंधराचं होतं. लहानपणी वळण लागतं ते वेगळं.

दक्षिण_वारा
काका वळण घरी लागतं. आमच्या नात्यातल्या एकाला असंच नावात "सैनिकी" असलेल्या एका खासगी निवासी शाळेत घातलं होतं, नाव घेत नाही. केस बारीक, ड्रेस कडक, शनिवारी परेड, आणि गणिताला वर्षभर मास्तर नाही. पहिल्याच वर्षी परत आणला.

नाशिककर_पक्का
बघा म्हणजे, नाव न घेता सगळ्या खासगी शाळांना एकाच माळेत ओवलं.

सह्यभटका
त्यातही आता गोंधळ वाढलाय, २०२१ नंतर संस्था आणि खासगी शाळांच्या भागीदारीतली नवी सैनिक स्कूलं मंजूर झालीत, परीक्षा तीच आणि ई-कौन्सेलिंगही (ऑनलाइन शाळावाटप) तेच. पसंतीक्रम भरताना प्रत्येक शाळा जुनी की नवी, फी किती, होस्टेल कसं, ते बघितल्याशिवाय टिक करू नका. घरच्या राज्यासाठी ६७ टक्के जागा असतात त्यामुळे महाराष्ट्रातलं स्कूल सोडून बाहेर पळायची गरज नाही. डोमिसाइल तयार ठेवा.

रानफूल
आरआयएमसी कोणीच कसं बोलत नाही? डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, १९२२ चं. प्रवेश आठवीत. सातवीत शिकत असताना परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. प्रवेशाच्या वेळी वय साडेअकरा ते तेरा. तुमचा मुलगा ऑगस्ट २०१४ चा म्हणजे जानेवारी २०२७ आणि जुलै २०२७ अशा दोन्ही टर्मना बसतो. वर्ष वाया जात नाही आणि दोन वर्षं थांबायलाही नको. आमच्या पुतण्याने दिली होती.

गणितवाले_सर
आरआयएमसी सुचवणं सोपं आहे. देशभरातून एका टर्मला पंचवीसच्या आसपास मुलं घेतात, राज्याच्या वाट्याला एखाद-दोन जागा. इंग्रजी १२५, गणित २००, जीके ७५, प्रत्येकात ५० टक्के, वर तोंडी परीक्षा. मराठी माध्यमाच्या मुलाला सहा-आठ महिन्यांत इंग्रजीचा पेपर? प्रॅक्टिकल बोला.

रानफूल
पुतण्या मराठी माध्यमाचाच होता सर. निवड नाही झाली, पण त्या तयारीवर नववीला सैनिक स्कूल मिळालं. इंग्रजी तेव्हाच सुधारलं. म्हणून म्हणते, एका तयारीत दोन दारं.

त्रस्त_बाप
थोडं थांबा. काल रात्री जेवताना विचारलं त्याला, खूश व्हा सगळे. म्हणाला, "सहावी परत नाही करणार, सगळे मित्र पुढे जातील आणि मी छोट्या मुलांबरोबर." मग म्हणाला तिथे फुटबॉल असतो का. आणि त्याची आई म्हणाली आधी फुटबॉलच्या क्लासला तरी घाल, मैदान जवळच आहे, तर त्यालाही तुला वेळ नाही. म्हणजे आता सहावीचा फॉर्म सोडून देऊ का? शेवटची तारीख जाईल. नंतर पस्तावायला नको.

बिगुल
फुटबॉल असतो, बास्केटबॉल, बॉक्सिंग, क्रॉस कंट्री, सगळं असतं. सहावीचा सोडा. भरून परीक्षा दिली आणि नंबर लागला तर तुम्हीच त्याच्या मागे लागाल, मला तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. नववीचं धरा, २०२८ च्या मार्चला तो साडेतेराचा असेल, वय बसतं. आजपासून गणिताचे शब्द इंग्रजीतून, रोज पानभर. आणि रानफूलताई म्हणतायत तसं मधल्या काळात आरआयएमसीची परीक्षा देऊन बघा, तीच तयारी उपयोगी पडते. फुटबॉलला मात्र या आठवड्यात घाला. नववीला येईपर्यंत पळायची सवय असलेली मुलं पीटीला तोंड पाडत नाहीत.

चिमणी
आणि ओबीसी असाल तर नॉन क्रिमिलेयर केंद्राच्या नमुन्यातलं काढून ठेवा, राज्याच्या नमुन्यातलं ऐनवेळी चालत नाही म्हणून रडणारे पालक बघितलेत. आणि नववीच्या परीक्षेची तारीख धरून चालू नका, कधी जानेवारी, २०२५ ची तर ५ एप्रिलला झाली होती. परीक्षा घेणाऱ्या एनटीएची साइट अधूनमधून बघत राहा.

अग्निपंख_९९
अग्निवीर झाल्यावर एनडीए देता येते का? वय १९ आहे, बारावी आर्ट्स.

सह्यभटका
भाऊ वेगळा धागा काढा.

त्रस्त_बाप
ओके. आरआयएमसीचा फॉर्म कुठे मिळतो ऑनलाइन? लिंक टाका कोणीतरी, कॅफेवाल्याला आत्ताच पाठवतो.

रानफूल
ऑनलाइन भरायचा नसतो दादा. आरआयएमसीकडे पैसे भरायचे, ते माहितीपुस्तिका, जुने पेपर आणि फॉर्म स्पीड पोस्टाने घरी पाठवतात. तोच मूळ फॉर्म भरून पुण्याला राज्य परीक्षा परिषदेकडे द्यायचा, डेहराडूनला नाही. झेरॉक्स चालत नाही. जूनच्या परीक्षेसाठी उन्हाळ्याआधीच मागवा, पोस्टात दिवस जातात. पत्ता पिनकोडसकट नीट लिहा, आमचा पहिला लिफाफा शेजारच्या बिल्डिंगला गेला होता.

अग्निपंख_९९
वेगळा धागा काढला आहे. कृपया तिकडे या.