जमिनीतला गुरू कसा गाठावा? अनुभव धागा

प्लॉट-जमिनीत मुरलेल्या माणसाकडं शिकायला जायचं तर काय घेऊन जायचं, काय विचारायचं, कुठं सावध राहायचं? कोल्हापूर परिसरातल्या जाणकारांनी लिहावं. स्वतःच्या कमाईच्या कथा नकोत, कामाचं तेवढं सांगा.

पाचगावची वाट
'मला शिकवा' म्हणत रिकाम्या हातानं गेलं की आमचे अण्णा (जमिनीतले जुने जाणकार) चहा पाजतात आणि वाटेला लावतात. आधी कुठलाही एक गट नंबर धरा. कळंबा, उचगाव, काहीही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. सोबत ८अ (खातेउतारा) आणि सातबाऱ्यावर लिहिलेले सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी. जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात. मग 'इतर हक्क' रकाना सावकाश वाचा. देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली जमीन), पुनर्वसनाचा शेरा, विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आपल्याकडं हे नेहमीचंच. बोजाची गंमत अशी, की कर्ज फिटलेलं असतं पण बोजा कमी करायचा फेरफार कुणी घातलेलाच नसतो. अडलेल्या ठिकाणी पेन्सिलीनं खूण करा आणि तेवढेच दोन-तीन प्रश्न घेऊन जा. 'भोगवटादार वर्ग २ आहे, परवानगी आधी की साठेखत आधी?' (वर्ग २ म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन, साठेखत म्हणजे खरेदीआधीचा करार) असं विचारलं की माणूस चष्मा शोधायला लागतो. शेतकरी नसाल तर शेतजमिनीचा विषयच काढू नका, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला अडवणारं कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं.

चष्मेवाला
वेळेचं बघा. मार्चअखेरीस जाऊ नका. १ एप्रिलला रेडी रेकनर (जमिनीचे सरकारी दर) बदलायची शक्यता असते म्हणून सगळे दस्ताच्या घाईत असतात. दसरा, पाडव्यालाही तेच.

पंचगंगेकाठचा
गुरू पारखायला एकच प्रश्न पुरे: 'इथं २०१९ ला पुराचं पाणी कुठवर होतं?' पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. खरा माणूस शेजारच्या भिंतीवरचा डाग दाखवतो, निळी पूररेषा आणि लाल पूररेषा यातला फरक सांगतो. जो लेआऊटचा रंगीत कागदच पुढं करतो, तो विकायला बसलाय राव.

दस्तवाला
तुमच्या सौद्यावर दलाली मिळणार असेल तर तो एजंट. रेरातल्या (बांधकाम-प्लॉट प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदलेल्या) प्रकल्पाचा प्लॉट विकत असेल तर एजंट म्हणून त्याचा स्वतःचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा. शिकणं वेगळं ठेवा. 'पाच लाख टाक, नाव नंतर लावू' इथं बरेच अडकतात. साठेखतात नाव नसेल तर जमिनीवर हक्क सांगता येत नाही, पैसे मागत फिरावं लागतं. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, तीही ३०,००० पर्यंतच. मुद्रांक शुल्क वेगळं. ते वाचवायला दस्त न नोंदवता नोटरीवर भागवू म्हणणाऱ्याकडून काय शिकणार?

पाचगावची वाट
@दस्तवाला, बरोबर. आणि शिकण्याच्या बदल्यात काय द्यायचं, तर पाय, म्हणजे धावपळ. अण्णांची मोजणीची तारीख असेल त्या दिवशी हद्दीवर उभं राहा, इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधून द्या, दुय्यम निबंधकाकडं नंबर लावा. शेजारचा गटधारक मोजणीच्या दगडावर हरकत घेतो तेव्हा अण्णा काय बोलतात, ते तिथंच ऐकायला मिळतं.