चर्चा: गर्भातल्या दारूचं निदान त्रिमितीय चेहरा-स्कॅननं, मेळघाटात आणावं का?

धारणीकर: आणावंच. आईच्या पोटात असताना बाळाला दारू पोचली, तर काही मुलांच्या चेहऱ्यावर तीन खुणा राहतात: डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. "दारू घेत होती का?" हे विचारताना आशाताईही अवघडते, आईही. या यंत्रात अनेक कॅमेरे एकाच क्षणी टिपतात, त्यामुळे चुळबुळणारं पोरही चालतं. पट्टी घेऊन डोळ्याजवळ गेलं की ते भोकाड पसरतं, हे अंगणवाडीत कोणीही बघावं.

वर्धेकर: भाऊ, तुलना कशाशी करणार? कोरकू आणि गोंड मुलांचं नाक-डोळ्याचं ठेवण वेगळं. परक्या मुलांच्या मापांवर शिकवलेलं यंत्र निरोगी पोरालाही दोषी ठरवेल. आधी इथल्या निरोगी मुलांची वयवार मापं घ्या. पारदर्शक पट्टी, मूल वर बघतंय, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत मिलिमीटरमध्ये, काम होतं.

धारणीकर: इथल्या मापांचं मान्य. पण डोळ्याची फट बाहेरच्या बाजूला मागे वळते. समोरून काढलेल्या साध्या फोटोत ती खऱ्यापेक्षा आखूड दिसते, कपाळावर मापाचा स्टिकर लावला तरी. स्कॅन ते वळण धरून मोजतो. आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षाच्या बाळांच्या चेहऱ्यात नुसत्या नजरेला न दिसणारे फरक स्कॅननंच पकडले.

चिखलदरा: स्कॅन काढताना मूल हसलं की ओठ ताणतो, पन्हळ सपाट होते, निकाल खोटा. तोंड हलकं मिटलेलं, चेहरा सैल हवा. पण माझी खरी भीती वेगळी आहे. या खुणा घडतात गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा. नंतर घेतलेली दारू मेंदूला इजा करते आणि चेहरा साधाच राहतो. इजा झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा असाच असतो! "स्कॅन नॉर्मल" ऐकून आई निर्धास्त झाली, तर त्या लेकराचं काय?

वर्धेकर: तेच. शिवाय मेळघाटात उंची, वजन, डोक्याचा घेर कुपोषणानंही घटतो. मिरगीच्या व्हॅल्प्रोएट गोळ्यांनीही ओठ-पन्हळ तशी होते. म्हणून आईची औषधं विचारा.

धारणीकर: ठीक, यंत्र गावात नको. अमरावतीला ठेवा, पट्टीनं शंका आलेली मुलंच पाठवा. साधा निकाल आला तर कागदावर ठळक लिहा: "चेहऱ्यावर खुणा नाहीत, बोलणं, चालणं, शिकणं तपासणं बाकी आहे."

चिखलदरा: मग दीडशे किलोमीटरचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार, तेही त्याच कागदावर लिहा.