स्नेहसंमेलनात गाजलेल्या चित्रांची नक्कल: प्रेक्षक कुठली ओळखतील?

कुर्टीची_बाई
आमच्या हायस्कुलाचं स्नेहसंमेलन डिसेंबरात. नववीच्या पोरांनी हट्ट धरलाय, जगप्रसिद्ध चित्रं रंगमंचावर उभी करायची, पण गोंयकार करून. पडदा वर, क्षणभर पुतळे, पडदा खाली. चित्राचं नाव सांगायचं नाही. पालक फोंडा, बांदोडा, कवळे इकडचे. चटकन काय ओळखतील? मोनालिसा दरवर्षी होते, ती सोडून सांगा.

म्हापशेकार
बीटल्सच्या १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड' या गाण्यांच्या अल्बमचं मुखपृष्ठ! झेब्रा क्रॉसिंगवरून ओळीने चाललेले चौघे. फोटोग्राफर शिडीवर चढला, पोलिसाने गाड्या थोपवल्या आणि जेमतेम सहा फोटो काढले, त्यातला हा. तुम्हाला काळ्या कापडावर पांढरे पट्टे पुरे. चौघांच्या हाती म्हापशाचा शुक्रवारचा बाजार द्या: मयड्याच्या केळ्यांचा घड, हरमलच्या मिरच्या, कोंबडा... एकाला अनवाणी ठेवायला विसरू नका.

जुना_ड्रॉइंगमास्तर
बाई, आधी एक करा. पोरांना पांढऱ्या कापडामागे उभं करून मागून दिवा लावा. नुसत्या सावलीवरून चित्र ओळखलं तर घ्यायचं. मोनालिसा इथेच नापास, सावलीत ती कोणाचीही काकी वाटते. वरचे चौघे पास.

माझं मत 'अमेरिकन गॉथिक'ला. ग्रांट वुड, १९३०. घरासमोर म्हातारा, शेजारी बाई, म्हाताऱ्याच्या मुठीत तीन दातांचं दाताळं. जरा जवळ जाऊन बघा: त्याच्या कपड्यावरच्या शिवणीत तेच दाताळं पुन्हा आलंय, मागची खिडकीही टोकदार. सगळ्या रेघा वर जातात, म्हणून माणसं कितीही बदला, चित्र हलत नाही. लोक त्यांना नवरा-बायको समजतात, वुडच्या मनात बाप-लेक होते. प्रत्यक्षात उभी राहिली ती त्याची बहीण आणि त्याचा दंतवैद्य, तीही वेगवेगळ्या वेळी!

नक्कल म्हणजे टवाळीच, असं मात्र पोरांना वाटू देऊ नका. फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सने १९४२ मध्ये याच चित्राच्या धर्तीवर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसनला अमेरिकेच्या झेंड्यापुढे उभं केलं, हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप. तो फोटो बघून कोणी हसत नाही.

तुमच्याकडे दाताळ्याऐवजी हिरांचा खराटा द्या, उलटा आणि ताठ धरलेला. फावडं दिलंत तर चित्र गेलं. मागे खिडकीच्या जागी तुळशीवृंदावन. चेहरे आंबट हवेत. पोरं फिदीफिदी हसली की संपलं.

माशेलची_पोर
लास्ट सपर, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, ते का नको? आमच्या शेजारच्या आंटीच्या जेवणाच्या खोलीतच आहे. सगळ्यांना ओळखू येईल.

जुना_ड्रॉइंगमास्तर
म्हणूनच नको गो. लिओनार्दोने ते मिलानच्या मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवर रंगवलं, आणि जाहिरातवाल्यांनी त्या टेबलावर कोणाकोणाला बसवलं त्याला गणती नाही. पण आंटीच्या घरी तो देवाचा फोटो आहे, आणि तिचा नातू कदाचित याच वर्गात असेल. आपल्या आंजेलो द फोन्सेकाने मरियेला साडी नेसवली, तीही पूर्ण भक्तीने, तरी टीका सोसावी लागली. त्याची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. पोरांना घेऊन जा, नक्कल आणि आपलंसं करणं यातला फरक तिथे समोरच दिसतो.

हशा हवा असेल तर मुंकची 'किंकाळी', १८९३. पुलाचा कठडा, गालांवर दोन्ही हात. मागे मासळीवाली आणि इसवणाच्या भावाची पाटी.

कुर्टीची_बाई
देव बरें करूं, सर! खराटा आणि इसवण नक्की. किंकाळीसाठी आत्ताच पाच उमेदवार भांडतायत. सावलीला घरचं जुनं धोतर चालेल का?

जुना_ड्रॉइंगमास्तर
धावेल. पण एकेरी ताणा आणि दिवा जमिनीलगत ठेवू नका, पाय हत्तीचे दिसतात.