सुलोचनादीदींबरोबरची एक संध्याकाळ : तुमचे अनुभव सांगा

परवा ३० जुलै, अभिनेत्री सुलोचनादीदींचा वाढदिवस. संध्याकाळी आईला विचारलं, "काय लावू?" ती लगेच म्हणाली, "मोलकरीण." सिनेमा १९६३चा. लहानपणी मी तो दोन-तीनदा पाहिलाय, पण दर वेळी अर्ध्यावर झोप लागायची. या वेळी शेवटपर्यंत जागी होते, आणि खरं सांगायचं तर पडद्यापेक्षा आईकडेच जास्त बघत होते. समोर मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राबणारी आई, आणि इथे माझ्या आईचा पदराच्या टोकाशी चाललेला चाळा. बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. 'देव जरी मज कधी भेटला' सुरू झालं आणि हात थांबला. आशाबाईंच्या आवाजाबरोबर ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. एक शब्द चुकला नाही. सकाळची गोळी घेतली की नाही, हे हल्ली तिला आठवत नाही.

तेव्हापासून मनात आहे, तुम्हा सगळ्यांना विचारावं. टीव्हीसमोर दीदींबरोबर घालवलेली एखादी संध्याकाळ आठवते का? सिनेमाचं नाव विसरला असाल तरी चालेल. शेजारी कोण बसलं होतं, ते मात्र लिहा.

*

आमच्या चाळीत पहिला टीव्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, पण आमच्या चाळीत टीव्ही यायला त्यानंतर चार-पाच वर्षं गेली. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा. दाराबाहेर चपलांचा ढीग, आम्ही पोरं सतरंजीवर, म्हातारी माणसं कॉटवर. सुना मात्र दाराच्या चौकटीत उभ्या, कारण घरी स्टोव्हवर भात ठेवलेला असायचा.

ज्या दिवशी 'वहिनीच्या बांगड्या' लागला, त्या दिवशी काकूंनी सगळ्या सुनांना आत बोलावलं. "आज स्वयंपाक उशिरा झाला तर कुणी उपाशी मरत नाही," असं सगळ्यांच्या नवऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. माझी आई आणि धाकटी काकी यांच्यात तेव्हा अबोला होता. कारण मला आजही माहीत नाही. जागा अपुरी, म्हणून दोघी एकाच ट्रंकेवर अंग चोरून बसल्या. दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी ती वहिनी बघता बघता आधी काकीनं नाक ओढलं, मग आईनं. घरी आल्यावर काकीनं काही न बोलता आईच्या हातातली परात घेतली आणि कणीक मळायला बसली. अबोला तिथंच संपला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, पण ती परात डोळ्यांसमोर आहे.

*

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे दीदी आमच्या घरच्याच. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या इथंच घडल्या, सुलोचना हे नावही त्यांनीच दिलेलं. टीव्हीवर 'मराठा तितुका मेळवावा' लागला की आमचे आजोबा खुंटीवरची टोपी काढून घालायचे आणि मगच बसायचे. जिजाऊसाहेब समोर असताना बोडक्या डोक्यानं बसायचं नाही.

*

मी चोवीस वर्षांची आहे. जुने सिनेमे संथ वाटतात म्हणून टाळायचे. गेल्या पावसाळ्यात आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून 'सुजाता' पाहिला. मी नूतनसाठी बसले होते आणि सुलोचनाबाईंवरून नजर हटेना. सांभाळलेल्या मुलीला त्या दर वेळी "बेटी जैसी" म्हणतात. त्या 'जैसी'वर आवाज अगदी किंचित खाली जातो, जणू त्यांनाही तो शब्द टोचतोय. वाईट बाई नाही ती. माया आहे, पण जात आड येते. एकाच चेहऱ्यावर हे दोन्ही कसं आणलं असेल? शेवटी त्याच मुलीचं रक्त त्यांना चढतं आणि 'जैसी' गळून पडतं, तेव्हा मी आजीचा हात धरला होता.

नंतर हिशेब केला. चित्रपट १९५९चा, दीदींचा जन्म १९२८चा. म्हणजे त्या जेमतेम तिशीच्या, नूतनपेक्षा आठेक वर्षांनीच मोठ्या! आजी म्हणाली, "अगं, आम्हाला त्यांचं वय कधी दिसलंच नाही." आता दर रविवारी आमचा एक सिनेमा ठरलेला.

*

माझा अनुभव छोटा आहे. बारा वर्षं आखातात नोकरी केली. एकदा सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर 'एकटी' लागला होता. बॅग भरता भरता मी येऊन-जाऊन बघत होतो. 'लिंबलोण उतरू कशी' सुरू झालं आणि आई उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. ती मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आली, मला खुर्चीवर बसवलं आणि गाणं संपायच्या आत दृष्ट काढली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. सुमनताई कल्याणपूरांचा तो आवाज कुठेही कानावर पडला की मोहऱ्या तडतडल्याचा वास येतो.

*

धागा सुरू केला तेव्हा एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. ट्रंकेवरच्या दोघी आणि दृष्ट आईला वाचून दाखवली. दृष्टीचं दोनदा वाचायला लावलं. अजून कुणाला आठवत असेल तर जरूर लिहा.

*

४ जून २०२३. रविवार होता. संध्याकाळी दीदी गेल्याची बातमी आली. चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य, पद्मश्री, महाराष्ट्र भूषण, कितीतरी नायकांची पडद्यावरची आई, असं सगळं निवेदक भराभर सांगत होते. मागे त्यांच्या चित्रपटांतले तुकडे चालू होते. माझे वडील फारसं बोलत नाहीत. त्यांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली, घरात तिचा एकही फोटो नाही. त्यांनी रिमोट मागितला. चॅनल बदलणार असं मला वाटलं. त्यांनी आवाज बंद केला.

"ते बोलणं राहू दे," म्हणाले. "मला नुसतं बघू दे."

आम्ही दिवे लावले नाहीत. जेवायची वेळ होईपर्यंत दोघं तसेच बसून होतो.