पेट्रोलचा खर्च हाताबाहेर गेलाय, रोजचे ५६ किलोमीटर कसे निभवायचे? (मदत हवी आहे)

पहाटवाट

नमस्कार मंडळी,

काल पंपावर "फुल्ल करा" म्हटलं, आणि आकडा पळताना बघून पोटात गोळा आला. अर्ध्यातच "पुरे, बंद करा" म्हणाले. पंपावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, फुल्ल म्हणालात ना?" मागे रांग होती. काय उत्तर देणार? पैसे देऊन निघाले, आणि घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

परिस्थिती सांगते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, सकाळी ७ ला हजर व्हावं लागतं. घरापासून २८ किमी, म्हणजे जाऊन-येऊन ५६, महिन्यातले २४ दिवस. पहिली बस घेतली तर पोहोचायला साडेसात होतात, आणि तोवर बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांची रांग लागलेली असते. घरून करण्यासारखं हे काम नाही. गाडी छोटी, पेट्रोलची, नऊ वर्षांची. कर्ज फिटलंय, नवीन घेण्याची ऐपत आत्ता नाही.

वर्षभरापूर्वी पेट्रोलला जे पैसे लागायचे त्याच्या जवळजवळ दीडपट आता लागतात. पगाराचा पाचवा हिस्सा नुसता कामावर जाण्यात जातो. पगार आहे तिथेच आहे. दर महिन्याच्या वीस तारखेनंतर कुठला खर्च पुढे ढकलायचा याचा विचार सुरू होतो, आणि मुलाला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायची आता लाज वाटते.

आतापर्यंत एवढं केलंय: एसी बंद, रविवारी गाडी बंद, सगळी कामं येतानाच्या वाटेवर. तरी फरक दिसत नाही. तुम्ही कसं निभावताय? आणि आणखी एक, कच्चं तेल उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा पंपावर काहीच का उतरत नाही?

नोंदवही

ताई, तुम्ही सगळं पैशात सांगितलंत. लिटर किती लागतात? वर्षापूर्वी किती लागायचे? पैशात हिशोब ठेवला की दर वाढला की गाडी जास्त पिते आहे, हे कळतच नाही. दोन्ही एकाच आकड्यात मिसळून जातं. पावत्या असतील तर त्यावर लिटर छापलेले असतात, ते आधी काढा.

रानजाई

एअर फिल्टर बदलून घ्या. माझ्या भावाच्या गाडीला फरक पडला होता. आणि हवा तपासा.

हिशेबी

दराबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. कच्च्या तेलाचा एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर, आणि त्यातून पेट्रोलबरोबर डिझेल, विमानाचं इंधन, डांबर असं बरंच काही निघतं. पंपावरच्या दरात कच्चं तेल हा फक्त एक भाग असतो. त्यावर शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन आणि कर. जिथे कर लिटरमागे ठरावीक रकमेचा असतो, तिथे कच्चं तेल निम्म्यावर आलं तरी कराचा भाग जागचा हलत नाही. त्यात तेलाचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये, म्हणजे आपलं चलन घसरलं की तेल स्वस्त होऊनही आपल्याला महागच पडतं.

जुलै २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरवर गेला होता आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४० च्या आसपास आला. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे मे मध्ये तेल उचलण्याचा आधीच केलेला सौदा, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण तेल साठवायला जागाच उरली नव्हती. त्या दिवशीही पंपावर कुणाला फुकट पेट्रोल मिळालं नाही. दर चढतात रॉकेटसारखे आणि उतरतात पिसासारखे, असं अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. यावर अभ्यासही झालेत. तुमचा राग रास्त आहे, पण त्या दरावर आपला इलाज चालत नाही. नोंदवही म्हणतात तेच करा, लिटर बघा.

पहाटवाट

रात्री कपाटातला पावत्यांचा डबा काढून बसले. कागद इतके फिकट झालेत की काही पावत्या दिव्याखाली तिरक्या धरून वाचाव्या लागल्या.

गेल्या वर्षीच्या याच महिन्यात सगळ्या मिळून ९३ लिटर. या महिन्यात ११८! किलोमीटर तेवढेच, कामाचे आणि घरचे धरून १५०० च्या आसपास. म्हणजे १६ चं अ‍ॅव्हरेज आता पावणेतेरावर आलंय. मी वर्षभर सगळा दोष दराला देत होते. हे कधी झालं, कशामुळे झालं, मला कळलंच नाही.

घाटवाट

वीस-पंचवीस टक्के घट ही हवेने होत नाही. हवा कमी असली तर दोन-तीन टक्के जातात, ती ३३ ची सांगितली असेल तर ३३ भराच, पण तेवढ्याने हे भरून निघायचं नाही. रानजाई, एअर फिल्टर म्हणाल तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत तो चोंदला की पेट्रोल जास्त जायचं. तुमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, तो आत येणाऱ्या हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो. गाडी मरगळते, पण अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. तुमच्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं असेल तर थोडं तिकडे जातं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून दहा टक्के मिसळलं की तीनेक टक्के अ‍ॅव्हरेज घटतं. तरीही हिशोब जुळत नाही.

माझा संशय ब्रेकवर आहे. उद्या घरी पोहोचलात की लगेच चारही चाकांजवळ हाताची पाठ न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक घासतोय. मग सपाट जागी गाडी न्यूट्रलला सोडून बघा, सहज गडगडते की जागीच अडते. आसपास कुणी नसताना करा, आणि पाय ब्रेकवर असू द्या.

हँडब्रेक ओढून गाडी पावसात उभी असते का?

पहाटवाट

घाटवाट दादा, हो. मी आजारी होते तेव्हा पावसाळ्यात तीन आठवडे तशीच उभी होती. परत सुरू केली तेव्हा पहिल्यांदा हलताना मागून "टक्" असा आवाज आला होता. नंतर आला नाही म्हणून विसरले.

आज केलं तुम्ही सांगितलं तसं. तीन चाकं कोमट. मागचं डावं इतकं तापलेलं की वीतभर अंतरावरूनच धग लागली, आणि जळक्या लोखंडाचा वास येत होता. हा वास मला गेले कित्येक महिने येतोय! मला वाटायचं रस्त्यावरच्या ट्रकांचा आहे.

घाटवाट

सापडलं. आता ती तशी चालवू नका, आधी गॅरेजला दाखवा. प्रश्न नुसता पेट्रोलचा नाही, तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

चाकोरी

हे होईपर्यंत गाडी चालवण्याबद्दल दोन गोष्टी. मी रोज ७० किमी करतो. पूर्वी मोकळ्या रस्त्यावर १०० ने जायचो, आता ८० ने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १०० वरून ८० ला आलं की तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. मला रोज आठ-नऊ मिनिटं जास्त लागतात, बाकी काही बिघडत नाही. १९७३ च्या तेलसंकटात सरकारांनीही हाच मार्ग धरला होता. अमेरिकेत १९७४ च्या सुरुवातीला वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किमीच्या आसपास केली होती. नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार गाड्याच बंद होत्या.

दुसरं म्हणजे उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर इंजेक्शनची गाडी पेट्रोल पूर्ण तोडते. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि गाडीही ताब्यात राहत नाही. आणि एसीसाठी जीव काढू नका. शहरात हळू चालताना काचा उघड्या चालतात, पण वेगात उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो, बचत फारशी उरत नाही.

मधलीसुट्टी

मला वेगळंच सांगायचंय. एकट्याने २८ किमी का जाताय? रुग्णालयात ७ ला पोहोचणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार.

पहाटवाट

(चार दिवसांनी)

हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती. लिव्हर खाली केला तरी ब्रेक शू (चाकाला आतून दाबून थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, टेकलेलेच. मेकॅनिकने ड्रम काढून दाखवला, आतली बाजू निळसर पडलेली आणि शूचं एका बाजूचं अस्तर कागदाएवढं उरलेलं. केबल, शू बदलले, ड्रम घासून घेतला. मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलात "ब्रेक तपासले" असं लिहिलंय. त्याचा त्रास पैशांपेक्षा जास्त होतोय, कारण याच गाडीत मागे मुलगा बसतो.

हवा २५ होती, ३३ केली. मग टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहून घेतले, परत काठोकाठ भरली: ४१२ किमीला २६.६ लिटर. साडेपंधरा! घाटवाट दादा, नोंदवही, तुमचे उपकार विसरणार नाही.

मधलीसुट्टी, तुमचं वाचून कामावर विचारलं. माझ्याच गल्लीच्या मागे राहणारे एक्स-रे विभागातले एक दादा निघाले, सहा वर्षं आम्ही मागे-पुढे एकाच रस्त्याने जातोय. आणि एक नर्सताई वाटेत, माझ्या घरापासून १० किमीवर राहतात. तिघांची तयारी आहे. अडलंय पैशावर. सारखे तीन भाग केले तर नर्सताईंवर अन्याय. दादा म्हणतात, "काहीतरी द्या-घ्या, आपल्यात काय हिशोब." पण मला भीती वाटते की हिशोब नसला तर दोन महिन्यांत कुणाच्या तरी मनात अढी बसेल.

नोंदवही

तुमची भीती खरी आहे. आमची पहिली सोबत याच "आपल्यात काय हिशोब" वर मोडली. तोंडाने कुणी काही बोललं नाही, नुसतं एकेकाला "उद्या जमणार नाही" होऊ लागलं.

आता करतो ते असं. रस्त्याचे तुकडे पाडायचे. तुमचे पहिले १० किमी दोघांचे, म्हणून प्रत्येकी ५. उरलेले १८ तिघांचे, प्रत्येकी ६. तुमच्या वाट्याला ११, दादांच्या ११, नर्सताईंच्या ६. झाले २८. १६ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर दिवसाला साडेतीन लिटर, त्यातलं तुमचं १.३७५. चोवीस दिवसांचे ३३ लिटर. एकट्याने जाताना हेच ८४ होत होते.

आणि वाटा कायम लिटरमध्येच लिहा. महिनाअखेरीला जो दर असेल त्याने गुणायचं. दर वाढला की "आता जास्त द्या" असं कुणाला कुणापाशी बोलायची वेळ येत नाही. आमच्यात तीन वर्षांत पैशावरून एकदाही आवाज चढलेला नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

हिशेबी

एक सावधगिरी. घ्यायचा तो फक्त खर्चाचा वाटा. त्यावर नफा सुटला तर बऱ्याच ठिकाणी ते भाड्याची वाहतूक धरतात आणि अपघातात विमा अडू शकतो. तुमच्या विम्याच्या कागदात काय लिहिलंय ते एकदा वाचा. दादांचीही गाडी असेल तर आठवडाआड गाडी बदला, म्हणजे टायर-ऑइलची झीजही दोघांवर येईल. दोन्ही गाड्यांचं अ‍ॅव्हरेज मात्र वेगवेगळं मोजा. आणि फक्त एकीकडेच दुरुस्तीवर खर्च करायची वेळ आली, तर आधी कमी अ‍ॅव्हरेजवाल्या गाडीकडे बघा: हजार किमीला १० ची गाडी १२ वर आली तर जवळपास १७ लिटर वाचतात, २० ची २५ वर आली तर १०च.

पहाटवाट

सोमवारपासून सुरू झालं. दादा ५:५५ ला दारात उभे असतात, नर्सताई १० किमीवरच्या चौकात. लिटरची वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. दादा आधी "एवढं काय" म्हणाले, पण बुधवारी स्वतःच उघडून बघत होते.

मध्ये दर परत वाढला. त्या दिवशी पंपावर टाकी फुल्ल केली, कारण त्यातलं माझं किती हे मला माहीत होतं.

एक शेवटचा प्रश्न राहिला. काल नर्सताईंची अचानक नाइट लागली, सकाळी चौकात आम्ही सात मिनिटं थांबलो. अशा दिवशी त्यांचा वाटा धरायचा की नाही?

नोंदवही

आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर धरायचा नाही, त्या दिवसाचे २८ तुम्ही दोघं वाटून घ्या. न कळवता राहिलं तर धरायचा. पण अचानक नाइट लागणं त्यांच्या हातात नसतं, तेव्हा कालचा धरू नका. आणि थांबायचं ते तीन मिनिटं, हे तिघांनी आत्ताच ठरवून टाका. आमच्यात हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.