‘मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा, झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रेल्वे लाइन्स
सोलापूरच्या आपल्या चर्चेत (नावाऐवजी इथं वस्ती लिहितात) होटगी रोडच्या काकांनी काल लिहिलं: “समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलंय, विषय संपला. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र राहतात, त्यांना कोण अडवतंय? मृत्युपत्र करावं, नॉमिनी लावावा, झालं. इथं घराघरात उंदीर शिरलेत आणि यांना लग्नाचा दाखला पाहिजे.”

काका, वयाचा मान ठेवून सांगते, हे अर्धवट माहितीवर लिहिलंय. एकेक कागद काढून बघा.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते ती स्वतःची जबाबदारी संपवायला, मालकी वारसांचीच. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिला हक्क आईचा, ती नसेल तर वडिलांचा, मग भाऊ-बहिणींकडे जातं. आयुष्यभर सोबत राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठेच नाही.

पीएफचं त्याहून वाईट. आई-वडील अवलंबून असतील तर ते ‘कुटुंब’ धरलं जातं, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नामांकन मुळातच रद्द. फॉर्म भरला, सही झाली, पण त्याचा उपयोग शून्य. माणूस गेल्यावर हे कळतं.

राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. तेच घर जोडीदाराला द्या, खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क भरा. वर्षात 50,000 रुपयांवर रक्कम दिली की घेणाऱ्याला सगळ्या रकमेवर प्राप्तिकर, कारण तो कायद्याच्या लेखी ‘नातेवाईक’ नाही. मुखत्यारपत्र माणूस गेला त्या क्षणी संपतं. म्हणजे ‘झालं’ म्हणता त्यातलं उरलं फक्त मृत्युपत्र.

होटगी रोड
ताई, अभ्यास आहे तुमचा, मान्य. पण 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल माझा नाही. लग्न करण्याचा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात (धर्म न बघता नोंदणी लग्न करायचा कायदा) कोर्टानं शब्द घालायचे नाहीत, यावर पाचही न्यायमूर्ती एक होते. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा. लोकांनी निवडून दिलेत ते कशाला?

आणि उंदरांचं मी उगाच लिहिलं नाही. रब्बीची ज्वारी घरात आली की पोत्याला भोकं पडतात. चार चिकट पॅड लावा, दोन दिवसांत मोकळे. असल्या प्रश्नांवर इथं कोणी लिहीत नाही.

साखर पेठ
लग्नाबद्दल नंतर बोलतो. काका, चिकट पॅड कुणालाही सुचवू नका! उंदीर त्यावर तासन्‌तास ओरडत, स्वतःची कातडी सोलवटत मरतो. प्राणी कल्याण मंडळानं 2011 आणि 2020 मध्ये त्याविरुद्ध परिपत्रकं काढलीत. शिवाय पाल, चिमणीचं पिल्लू, काहीही अडकतं. आणि एवढं करून उपयोग काय? मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेळी पाच-सात पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. चार पकडले तोवर मागे आठ तयार.

घरातला छोटा उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. पेन्सिल जाते तिथून तो जातो. आधी फटी शोधा: सिंकखालच्या पाइपाभोवती, मोरीच्या जाळीत, दाराखाली, गॅसची नळी भिंतीतून येते तिथं. नुसता सिमेंट भरला तर ओला असतानाच उकरतात. भांडी घासायची तारेची घासणी आत घट्ट कोंबायची, वरून सिमेंट. मोठ्या भोकाला पाव इंची जस्ती जाळी. फोम नको, एका रात्रीत कुरतडतात.

मग चाप. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकलेलं, कारण उंदीर भिंत धरून पळतो. दोन-दोन मीटरवर एक. शेंगाचटणी लावू नका, तिखट-लसणाला तोंड लावत नाही. भाजलेले दाणे गुळासोबत कुटून वाटाण्याएवढी गोळी घट्ट चिकटवा. जास्त लावलं की चाप न पाडता खाऊन जातो. आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. हा उंदीर नव्या वस्तूकडे स्वतः येतो, बुजणारी ती घूस.

होटगी रोड
हे दोन खोल्यांच्या घरात ठीक आहे. मागच्या शेडमध्ये विणकामाचे चार माग आहेत, सुताचा कचरा पडलाय, खळ दिलेल्या सुताच्या बीमला पिठाचा वास येतो, तिथं किती चाप लावणार? औषधाशिवाय पर्याय नाही.

जुळे सोलापूर
कोणतं औषध, ते लिहा की काका, नाहीतर कोणीतरी दुकानातून पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणेल. त्याला उतारा नाही, लिव्हर जातं. झिंक फॉस्फाइडला ओल लागली की विषारी वायू सुटतो. बंद शेडमध्ये, जिथं माणसं झोपतात तिथं, अजिबात नको. शिवाय थोडंसं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला शिवत नाही.

साखर पेठ
बरोबर. शेडचं काकांचं म्हणणं नाइलाजानं मान्य करतो. पण तिथं 0.005 टक्के ब्रोमाडिओलोनच्या वड्या, त्याही कुलपाच्या डब्यात, भिंतीलगत. रक्त गोठणं थांबतं, मरायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून लोक ‘काम करत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी फेकून देतात. मेलेले रोज उचलायचे, मांजरानं खाल्ले तर तेही जातं. पोरानं तोंडात घातलं तर वेष्टन घेऊन लगेच दवाखाना. व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे. आणि औषधाआधी सुताचा कचरा उचला, घरटं त्यातच असतं. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचचं पाणी मारून दहा मिनिटांनी पुसा.

हो, आणि चिचुंद्रीला मारू नका. ती उंदीर नव्हे, झुरळं खाते.

रेल्वे लाइन्स
उंदरांचं सगळं उपयोगाचं आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडला. काका, ‘संसदेनं करावं’ हे तुमचं एकच वाक्य उरलंय. मग ‘विषय संपला’ कसा?

जुळे सोलापूर
ताई, मी तुमच्या बाजूचा आहे, तरी भांडतो. उद्या विशेष विवाह कायदा सगळ्यांना लागू झाला तरी त्यातली नोटीस तशीच राहणार. 30 दिवस आधी अर्ज, नाव-पत्ता विवाह अधिकाऱ्याच्या फळ्यावर, कुणीही येऊन हरकत घ्यायची, त्यावर चौकशी. आंतरधर्मीय जोडप्यांचे भाऊ-मामा तो फळा वाचूनच पोहोचतात. घरातून पळून आलेल्या दोन मुलींना ते महिनाभर परवडेल का? आधी ते कलम काढा. नाहीतर हक्क फक्त ज्यांच्या घरचे राजी आहेत त्यांना.

रेल्वे लाइन्स
नोटिशीचं शंभर टक्के. पण ‘आधी हे, मग ते’ नको. दोन्ही मागण्या एकत्र लिहा.

होटगी रोड
सरकारनं काहीच केलं नाही असंही लिहू नका. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ खात्यानं सांगितलं की जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला, त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. रेशनकार्डावरही एकाच घरातले धरा म्हणून सूचना आहे.

रेल्वे लाइन्स
आहे, आणि वापराच. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या अटीवर काढा, म्हणजे एक गेला तर दुसऱ्याचा व्यवहार अडत नाही. पण त्या सूचनेची प्रत सोबत न्या. वारसा, पीएफ, दत्तक यांतलं त्यात एक अक्षर नाही. आणि 2023 चा निकाल नीट वाचा: लग्नाशिवायही अशा नात्याला कायदेशीर मान्यता मिळायच्या हक्कावर निकाल 3 विरुद्ध 2 होता. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल बाजूने होते. मद्रास हायकोर्टानं मे 2025 मध्ये लिहिलं की कुटुंब लग्नातूनच उभं राहतं असं नाही.

होटगी रोड
पीएफचं नामांकन आपोआप रद्द होतं, हा नियम चुकीचा आहे. तेवढं बदलावं. लग्नाला माझा विरोध कायम.

रेल्वे लाइन्स
ठीक. मग ‘मृत्युपत्र करा’ असं सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. दोन साक्षीदार, दोघांच्या देखत सही, त्यातला एक डॉक्टर असला तर मानसिक स्थितीवर वाद कमी होतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. आई-भावांना का वगळलं ते स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहा, कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. आणि मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 14: साध्या कागदावर सही करून मानसिक उपचारांसाठी कुणालाही आपला प्रतिनिधी नेमता येतं. तो कागद आजच करा, त्याला खर्च नाही.

साखर पेठ
आणि मूळ प्रती पत्र्याच्या पेटीत ठेवा. शेडमधल्या कपाटात नको.