जुना फझ, नवा फझ

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम भरडा करणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी. जुन्या फझ पेडलचं वेड म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटलं.

फझ फेस या जुन्या, गाजलेल्या पेडलचं सर्किट बघा. दोन ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर-कपॅसिटर, बस! इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी की गिटारचे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) त्या सर्किटचाच भाग होऊन जातात. म्हणून गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की तोच भरडा आवाज निवळून लख्ख होतो. मला फझ प्रिय आहे तो यासाठीच. मध्ये बफरवालं (गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं राखणारं) पेडल आलं की मात्र ही सगळी जादू जाते. फझ कर्कश वाटत असेल तर आधी पेडलांच्या जोडणीचा क्रम बदलून पाहा. बिग मफ या दुसऱ्या फझ पेडलची गोष्ट वेगळी. त्यात चार ट्रान्झिस्टर आणि क्लिपिंगचे (ध्वनिलहरीचे शेंडे छाटण्याचे) दोन टप्पे, त्यामुळे सूर लांबतो, पण व्हॉल्यूम उतरवून तो तितका निवळत नाही.

बऱ्याच जुन्या फझमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने बदलतात, त्यांचा बायस (ज्या विद्युत पातळीवर ते काम करतात ती) सरकतो. एकाच काळातली दोन जुनी पेडलं सारखी वाजतीलच असं नाही. आजचे चांगले कारागीर ट्रान्झिस्टर मोजून निवडतात, काही जण बायस जुळवायला वेगळा नॉबही देतात. इथे मी ठामपणे नव्याच्या बाजूने.

आणि हा आवाज जन्मला तोच बिघाडातून! अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ध्वनिमुद्रणात कन्सोल (स्टुडिओतलं आवाज मिसळायचं यंत्र) बिघडला आणि वादक ग्रेडी मार्टिन यांच्या बास सोलोला ती घरघर आली. अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी पुढे ती सर्किटमध्ये पकडली, त्यातूनच १९६२ मध्ये माएस्ट्रो एफझेड-१ हे फझ पेडल आलं.